मीम खरं की खोटं, हा प्रश्न पुरेसा नाही : विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
समाजशास्त्र, राज्यशास्त्र व जनसंज्ञापन अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे अभ्यासक्रम बदलण्याचं काम तुमच्याकडे सुरू आहे. माध्यम साक्षरता, डिजिटल साक्षरता अशा नावांचे छोटे श्रेयांक-विषय बऱ्याच ठिकाणी आले आहेत. फेक न्यूज कशी ओळखायची, एखादा फोटो मुळात कधीचा आणि कुठला हे कसं शोधायचं, फॉरवर्ड करण्याआधी काय तपासायचं, हे त्यात शिकवलं जातं. ते शिकवायलाच हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ज्या राज्यात हे घडलं तिथे हा विषय वर्गात यायला खरं तर उशीरच झाला.

माझी तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. मी एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर दिवसभरात जे राजकारण येतं, त्यात बातम्या कमी आणि मीम जास्त असतात. आणि मीमला 'खरं की खोटं' हा प्रश्न लागूच पडत नाही. ते कुठलाही दावा करत नाही. ते एक चेहरा, एक वाक्य, एक हावभाव उचलतं आणि हसायला लावतं. तथ्य तपासणाऱ्याला त्यात तपासण्यासारखं काही सापडत नाही. म्हणून तो ते बाजूला ठेवतो, आणि तरुण पोरांची राजकीय समज जिथे घडते ती जागाच आपल्या अभ्यासक्रमाबाहेर राहते.

एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

२०२२ च्या जूनमध्ये उद्धव ठाकरे यांच्या सरकारविरुद्ध बंड करून शिवसेनेचे आमदार आधी सुरतला आणि तिथून गुवाहाटीला गेले. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर आलं : 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.' पुढच्या काही दिवसांत त्या वाक्याची रिमिक्स झाली, रील झाले, स्टेटस झाले, लग्नाच्या वरातीत ते वाजलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. बनावट काहीच नव्हतं.

आता त्याच दिवसांत आणखी काय चाललं होतं ते बघा. सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २७ जूनला त्यांना उत्तर द्यायला मुदत वाढवून दिली. राज्यपालांनी ३० जूनला बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, न्यायालयानं २९ तारखेला तिला स्थगिती नाकारली, त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी नवं सरकार शपथबद्ध झालं. पणाला लागली होती ती राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीनं आलेला पक्षांतरबंदीचा कायदा. एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना मिळणारं संरक्षण २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं काढून टाकलं होतं. तेव्हा हे आमदार नेमके कोणत्या तरतुदीखाली सुरक्षित राहणार, हा त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. आणि ज्या आसामातली झाडी आणि डोंगर आपण गुणगुणत होतो, तिथे त्याच दिवसांत महापूर होता. सिलचर शहर पाण्याखाली होतं.

वर्गात मी हे वाक्य अर्धवट म्हटलं की उरलेलं सगळा वर्ग पुरं करतो. दहावी अनुसूची म्हणजे काय, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. यात मुलांना दोष देण्यासारखं काही नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते त्यांना पाठ आहे. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं या प्रकरणात निकाल दिला. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय कायद्याला धरून नव्हता, पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही, असं त्यात म्हटलं. या निकालातलं एक वाक्यही लोकांच्या तोंडी नाही.

इथे मला जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनची आठवण होते. यांत्रिक पुनरुत्पादनाच्या काळातल्या कलेवर त्यानं १९३५-३६ च्या सुमारास जो निबंध लिहिला, त्याच्या शेवटी तो फॅसिझमबद्दल एक गोष्ट सांगतो : जनतेला तिचे हक्क मिळू द्यायचे नाहीत, मात्र तिला व्यक्त होऊ द्यायचं. मालमत्तेचे संबंध जागच्या जागी राहतात आणि राजकारण हा एक देखावा होतो. बेंजामिन हिटलरच्या जर्मनीबद्दल बोलत होता आणि आपल्या परिस्थितीवर तो शिक्का जसाच्या तसा मारावा असं मी म्हणत नाही. पण व्यक्त होणं आणि ठरवणं या दोन गोष्टींत त्यानं दाखवलेली फट मला २०२२ च्या जूनमध्ये लख्ख दिसते. कोट्यवधी मतदारांनी २०१९ ला दिलेल्या मताचं काय करायचं, हे एका हॉटेलात ठरत होतं. त्या वेळी मतदारांच्या हाती व्यक्त होण्याचं साधन भरपूर होतं, आणि ते त्यांनी मनसोक्त वापरलं. ठरवण्याचं साधन मात्र त्यांच्या हाती काहीच नव्हतं. माझ्या मते राजकीय मीमचा अभ्यास या फटीपासून सुरू व्हायला हवा, आणि या पत्रातलं माझं मुख्य म्हणणं तेवढंच आहे.

फ्रँकफर्टची समाजसंशोधन संस्था १९२३ साली स्थापन झाली. नाझी आल्यावर तिच्या लोकांना देश सोडावा लागला. अमेरिकेत आश्रयाला असताना १९४० च्या दशकात तिथल्या अडोर्नो आणि होर्कहायमर या विचारवंतांनी संस्कृती उद्योगाची, म्हणजे करमणूक कारखान्यातल्या मालासारखी तयार होते या विचाराची, मांडणी केली. त्यातला हसण्याबद्दलचा भाग मी मुलांना नेहमी वाचून दाखवतो. खऱ्या सुखाच्या बदल्यात हातावर ठेवलेलं हसू, असं काहीसं त्यांचं म्हणणं आहे. करमणूक ही कामाचीच पुढची पाळी आहे, थकलेल्या माणसाला उद्या पुन्हा कामाला जुंपता यावं म्हणून ती असते, असंही ते सांगतात. एमआयडीसीतली पाळी संपवून बसमध्ये मोबाइल काढणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. तो म्हणतो, 'सर, डोकं चालवायची ताकदच नसते तेव्हा.' सिद्धान्त परदेशी आणि अवघड आहे, आपल्या मुलांना झेपणार नाही, ही जी समजूत आपल्या बैठकांमध्ये असते, ती मला अजिबात पटत नाही. अवघड आहे ते आपलं भाषांतरित मराठी. मुद्दा त्यांच्या रोजच्या जगण्यातलाच आहे.

त्याच क्लिपबद्दल आणखी एक गोष्ट वर्गातूनच आली, मला ती सुचली नव्हती. सांगोला-आटपाडीकडचा एक विद्यार्थी म्हणाला की पुण्या-मुंबईची मुलं त्या वाक्यावर हसताना पक्षांतरावर हसत नव्हती, 'डोंगार' आणि 'हाटील' वर हसत होती. माझी आजी असंच बोलते, तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग होता आणि तो योग्य होता. हजारो रीलमध्ये लोकांनी तो माणदेशी हेल मुद्दाम ताणून काढला. एका लोकप्रतिनिधीच्या वर्तनावर टीका करायची संधी होती, आणि आपण एका प्रदेशाच्या बोलीची नक्कल केली. इटालियन विचारवंत ग्राम्शीनं ज्याला धुरीणत्व म्हटलं, म्हणजे वरच्यांची मतं सगळ्यांनाच स्वाभाविक वाटायला लागणं, ते असं काम करतं. शुद्ध कोण बोलतं आणि गावंढळ कोण, हे आधीच ठरलेलं असतं. मीम ते नव्यानं सांगत नाही, ते गृहीत धरतं, आणि प्रत्येक हशाबरोबर ते गृहीतक आणखी पक्कं होतं. स्त्री राजकारण्यांवरची मीम बघा. त्यांच्या धोरणापेक्षा आवाज, कपडे आणि शरीर यावरच ती जास्त असतात. तिथेही तीच रीत.

पण चित्र एकतर्फी रंगवणं चुकीचं होईल. त्याच संभाषणातल्या 'एकदम ओक्के' ला ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी 'पन्नास खोके' जोडले आणि विधान भवनाच्या पायऱ्यांवर घोषणा दिली. खोका म्हणजे एक कोटी; बंडखोर आमदारांनी पन्नास कोटी घेतले, हा तिचा गर्भित आरोप सिद्ध झालेला नाही, तो ज्यांच्यावर होता त्यांनी तो फेटाळला आहे. तरीही करमणुकीचं वाक्य पैशाच्या प्रश्नाकडे वळलं, हे महत्त्वाचं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये या खोक्यांवर रॅप करणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुणावर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. हसणं कुठपर्यंत चालतं आणि कुठे खपत नाही याची रेघ त्या गुन्ह्यानं दाखवली. झाडी-डोंगारवर हसणाऱ्या कुणाला पोलिसांचा फोन गेल्याचं मी ऐकलं नाही. महाराष्ट्राला हे नवं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी आणि तिला दिलेल्या लाइकसाठी अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं. कलम गेलं, गुन्हे दाखल व्हायचे थांबले नाहीत.

'मी पुन्हा येईन' या वाक्याची वाटचालही अशीच बघण्यासारखी आहे. २०१९ ला देवेंद्र फडणवीस यांनी ते विधानसभेत आणि प्रचारात म्हटलं. नोव्हेंबरात सरकार हातचं गेल्यावर ते त्यांना खिजवण्याचं वाक्य झालं. ५ डिसेंबर २०२४ ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा तेच वाक्य समर्थकांनी अभिमानानं मिरवलं. अर्थ उलटा झाला, चौकट तीच राहिली. चिडवणारे आणि मिरवणारे दोघेही एकाच गोष्टीवर सहमत होते, की राज्याचं राजकारण म्हणजे एका माणसाचं जाणं आणि येणं. विद्यार्थ्यांना मी हेच शोधायला सांगतो : भांडणारे दोन गट कुठल्या बाबतीत न भांडता एकमत आहेत?

आता जरा जुन्या आणि जास्त दुखऱ्या प्रकरणाकडे येतो. आपल्यापैकी अनेकांना ते जवळून माहीत आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेलं एक व्यंगचित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होतं. संविधान नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आहेत, त्यांच्या हातात चाबूक आहे, आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकण्याची घोषणा झाली, पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडफोडीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण त्यानंतर आपण विद्यापीठवाल्यांनी काय केलं? अभिव्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध दुखावलेल्या भावना अशी दोन रकान्यांची चर्चा केली आणि विषय संपवला.

ब्रिटनमधले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की संदेश घडवणाऱ्यानं त्यात भरलेला अर्थ आणि बघणाऱ्यानं त्यातून काढलेला अर्थ एकच असतो असं नाही. बघणारा कुठे उभा आहे त्यावर वाचन ठरतं. कुणी संदेश जसा दिला तसाच घेतो, कुणी त्यात आपली तडजोड करतो, कुणी तो उलटा वाचतो. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना त्या चित्रात संविधाननिर्मितीला लागलेल्या वेळाबद्दलची टिप्पणी दिसली. दलित वाचकाला आधी दिसला तो बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक. पिढ्यान् पिढ्यांच्या मारहाणीची आठवण असलेल्या समाजानं ते चित्र कसं बघावं, हे चित्रकाराच्या हेतूवरून ठरत नाही. पुढे २०१९ मध्ये उन्नमती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली, बहुतेक इंग्रजी वृत्तपत्रांतली, बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रं एकत्र करून त्यांचं वाचन केलं. ती सलग बघितली की एकट्या चित्रात न दिसणारी गोष्ट दिसते. बाबासाहेबांना पुन्हा पुन्हा लहान, हेकट, हास्यास्पद दाखवण्याची सवय कुणा एका चित्रकाराची नव्हती. मीमचा अभ्यास असा सलगच करावा लागतो. एकटं मीम निरुपद्रवी दिसतं.

कुणी म्हणेल, हा परदेशी चष्मा कशाला. त्यांना मी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांच्या कामाकडे बघायला सांगेन. लावणी आणि पोवाडा यांवर त्यांनी २००२ मध्ये जे लिहिलं, त्यात लोकप्रिय संस्कृती हे जात, वर्ग आणि लिंगभाव यांच्या झगड्याचं मैदान आहे हे आपल्याच मातीतल्या पुराव्यानिशी दाखवलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त दशावतारांच्या कथा उलट्या करून वाचल्या, तेव्हा ते हॉलच्या शंभर वर्षं आधी विरोधी वाचनच करत होते. सत्यशोधक जलशांनी, म्हणजे चळवळीच्या प्रचारासाठी होणाऱ्या गाण्या-नाट्याच्या प्रयोगांनी, तमाशाचा साचा घेतला, गणात आणि वगात आपला मजकूर भरला, आंबेडकरी जलशांनी ते आणखी पुढे नेलं. ओळखीचा साचा आणि बदललेला मजकूर : मीमची घडण याहून वेगळी नाही. अमेरिकी विचारवंत नॅन्सी फ्रेझरनं १९९० मध्ये, सार्वजनिक चर्चेच्या क्षेत्राची मांडणी करणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासला उत्तर देताना म्हटलं की ज्यांना मुख्य सार्वजनिक चर्चेत जागा मिळत नाही, ते आपली वेगळी चर्चा-स्थळं उभी करतात. जलसा हे तसं स्थळ होतं. आज आंबेडकरी तरुणांची मीम पेजेस त्याच कामाची आहेत, आणि त्यांच्यावर एकही प्रबंध माझ्या पाहण्यात नाही. मराठी विभागांनाही यात घ्यावं, असं मला फार वाटतं.

पैशाचा भाग थोडक्यात. निवडणूक आयोगानं २०१३ पासून उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरची खाती प्रतिज्ञापत्रात द्यायला आणि तिथला खर्च हिशेबात दाखवायला सांगितलं आहे. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा आपल्या राज्यात ४० लाख रुपये आहे. एखाद्या विनोदी पेजनं पैसे घेऊन टाकलेलं मीम यात कुठे येतं? ते जाहिरात म्हणून चढवलेलं नसेल तर फेसबुकच्या राजकीय जाहिरातींच्या जाहीर नोंदीतही दिसत नाही. आणि बाकीची असंख्य मीम करणारी मुलं फुकट राबतात. त्यांच्या श्रमातून लक्ष गोळा होतं, लक्ष विकून कंपनी कमावते, आणि फायदा पक्षाला होतो. 'मजा म्हणून करतो' असं ती म्हणतात आणि ते खरंही असतं. मजेनं केलेलं काम हे काम नसतं, असं मात्र नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. माध्यम साक्षरतेच्या विषयात एक पूर्ण घटक दृश्य आणि विनोदी राजकीय मजकुराच्या चिकित्सक वाचनाला द्यावा. मराठी उदाहरणं घ्यावीत, आणि कुठल्याही एका पक्षाची न घेता सगळ्यांची घ्यावीत, म्हणजे शिक्षकावर बालंट येणार नाही. ही भीती मी लपवत नाही. तालुक्याच्या गावी वर्गात काय बोललो ते संध्याकाळपर्यंत गावभर होतं, आणि विद्यापीठानं लेखी अभ्यासक्रमात दिलेला घटक असेल तर आमच्या पाठीशी काहीतरी उभं राहतं. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मीम हा ग्राह्य पुरावा मानावा. माझ्या एका विद्यार्थिनीचा असा विषय 'गंभीर नाही' म्हणून परत आला, आणि तिनं शेवटी बचत गटांवर प्रकल्प केला. बचत गटांचे प्रकल्प आपल्याकडे कपाटं भरून आहेत.

चौथी मागणी संग्रहाची, आणि ती तातडीची आहे. पेज बंद होतं, खातं उडतं, रील काढून टाकला जातो. २०१४ च्या निवडणुकीतला व्हॉट्सअॅपवरचा मराठी मजकूर आज कुठल्याच ग्रंथालयात नाही. १९३० च्या दशकातली वृत्तपत्रं कुणीतरी जपली म्हणून बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं ऐंशी वर्षांनी तपासता आली. आपल्या मजकुराची तशी सोय केलेली नाही. निदान एका विद्यापीठानं तारीख, ठिकाण आणि कुठल्या गटातून आलं एवढ्या नोंदींसह तो जपायला सुरुवात करावी. खासगी व्यक्तींची नावं आणि नंबर झाकून हे करता येतं.

घटकाचा मसुदा, वाचायच्या उताऱ्यांची मराठी टाचणं आणि वर्गात वापरलेले स्वाध्याय माझ्याकडे तयार आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतल्यास ते सगळं पाठवतो, आणि बोलावलंत तर स्वखर्चानं येऊन मांडतो.

आपला,
समाजशास्त्राचा एक अध्यापक